उकळलेल्या विटांचा गडगा

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. माझं वय एकाहत्तर. दोन्ही गुडघे कुरकुरतात. आणि दर शनिवारी दुपारी मी आयर्लंडातल्या पोर्टलीश गावी एका कम्युनिटी हॉलमध्ये जाऊन खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांनी गावं बांधते. घरं, दुकानं, रस्ते, रस्त्यावरच्या बसेस, मधून जाणारी आगगाडी, सगळं. हे नातीला रमवायला चाललेलं नाही. नात एकोणीस वर्षांची आहे, वॉटरफोर्डला कॉलेजात शिकते आणि स्वतःला रमवायला भलतीच समर्थ आहे. मी बांधते ते माझ्यासाठी.

"या वयात?" असं आमच्या ओळखीतली माणसं विचारतात. म्हणजे लेकीच्या मैत्रिणी, पुण्या-नागपूरकडच्या, दिवसभर कंप्युटरपुढे बसणाऱ्या गोड मुली. त्यातली एखादी लगेच म्हणते, "काकू, दिवाळीच्या किल्ल्याची आठवण येत असेल ना?" नाही येत. किल्ला माझे भाऊ करायचे. मी माती कालवून द्यायचे, आणि वर शाबासकी मिळायची की हिच्या हातची माती कशी लोण्यासारखी असते. त्या एका शाबासकीवर मी पुढची चाळीस वर्षं काढली. बावळट होते, दुसरं काय!

सुरुवात झाली ती जिन्याखालच्या प्रेसमधून. प्रेस म्हणजे इथे कपाट. नात कॉलेजला गेल्यावर लेक म्हणाली, "आई, तिच्या ब्रिक्सचे चार डबे पडलेत प्रेसमध्ये. चॅरिटी शॉपला देऊन टाकू. जरा बघशील का, भलतंसलतं काही मिसळलेलं नाही ना त्यात?" लेक इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, जावई घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतात. दोघं कामाला लागली की घरात बोलायला मी आणि डिशवॉशर. मी डबे उपसले. आधी रंगाप्रमाणे वेगळे केले, मग मापाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक चौक उभा होता. चार रस्ते, कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान. लेक घरी आली, पर्स अजून खांद्यालाच, म्हणाली, "आई, आपण जेवायचं कुठे?"

"जमिनीवर," मी म्हटलं. "एका दिवसात काही इंग्रज होऊन गेली नाहीस तू."

"आयरिश म्हण गं निदान," ती म्हणाली, आणि ताट घेऊन सोफ्यावर गेली. डबे चॅरिटी शॉपला गेले नाहीत.

हॉलचा पत्ता नातीनेच फोनवर शोधून दिला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत येतं. "आजी, यू आर गॅस," ती म्हणाली. गॅस म्हणजे इथे गमत्या माणूस. पहिल्या शनिवारी ती सुट्टीवर आली होती, तीच मला सोडायला आली, सगळ्यांसमोर "आजी, आजी" करत राहिली, आणि त्यामुळे त्या हॉलात आजतागायत माझं नाव आजीच आहे. ते नातं आहे, नाव नव्हे, हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलेलं नाही. साठीचा दाढीवाला माणूस मला आजी म्हणतो तेव्हा मला तरुण वाटतं.

मंडळी आठ, मला धरून. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही, दोघांची पुरे. एक आमचे म्होरके. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे, मूळचे पश्चिम किनाऱ्याकडच्या खेड्यातले. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून ते निघत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हटलं तर ते मागे वळून कोण आलं ते बघायला लागले. मनात मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते, इथेही तेच म्हणेन. दुसरी टपालवाली. पन्नाशीची, सकाळी पत्रं वाटते, दुपारी विटांच्या आगगाड्या बांधते. आवाज असा की पत्रपेटीला हाक मारली तर पेटी आपण होऊन उघडेल.

हॉलच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर नियम. गोंद लावायचा नाही. रंग द्यायचा नाही. वीट कापायची नाही. वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने. या विटांचे संच बाहेरून येतात, त्यातल्या बसची दारं उजवीकडे असतात. ड्रायव्हरसाहेब प्रत्येक बस मोडून दार डावीकडे आणतात. "नाहीतर माणसं रस्त्याच्या मधोमध उतरतील," ते म्हणतात, आणि हसत नाहीत. शेवटचा नियम सगळ्यात कडक: रूळ टेबलाच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावरच आत यायचे आणि ठरलेल्या अंतरावरच बाहेर पडायचे. कारण प्रत्येक जण आपापलं टेबलभर गाव घरी बांधतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टेबलं गोलाकार जोडायची, की गाडी एका घरातून निघून दुसऱ्याच्या गावात, तिसऱ्याच्या गावात अशी फिरली पाहिजे. एकाचं चुकलं की गाडी सगळ्यांचीच थांबते.

तो कागद मी दोनदा वाचला. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून तिसऱ्यांदा वाचला.

तरुणपणी मी सात वर्षं रत्नागिरीला नकाशाच्या कचेरीत अनुरेखक होते. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवून काढायची. शेजारशेजारच्या दोन नकाशांच्या कडा जुळाव्या लागत, एका कापडावर संपलेला रस्ता दुसऱ्यावर तिथेच सुरू झाला पाहिजे. माझ्या कडा जुळायच्या. साहेब त्या इतरांना दाखवायचे. मग वरच्या जागेसाठी, आरेखकासाठी, परीक्षा निघाली. आरेखक म्हणजे दुसऱ्याची रेघ गिरवायची नाही, स्वतः काढायची. मी फॉर्म भरला, अभ्यास केला. परीक्षेच्या दिवशी घरी नणंदेच्या सासरचे चार पाहुणे. नवऱ्याने स्कूटर काढून दारात सुरू करून ठेवलेली. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं, मी टाकते वरणभात." आणि या बाईसाहेब पदर खोचून म्हणतात, "छे छे, पाहुण्यांना नुसता वरणभात? मी वडे करते."

केले वडे. कुणीही अडवलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या वयाच्या बायका जमल्या की कुणी कुणी आपल्याला अडवलं त्याच्या गोष्टी निघतात, आणि मीही मान डोलावून घेते. मला वड्यांनी अडवलं. परीक्षेत नापास होता येतं, वडे कधी नापास होत नाहीत, एवढंच त्या मूर्ख मुलीला कळत होतं. पाच मिनिटांनी दारातल्या स्कूटरचा आवाज बंद झाला. तो बंद झालेला मला ऐकू आला. मी कढईपुढून हलले नाही. संध्याकाळी पाहुणे बोटं चाटत म्हणाले, वहिनींच्या हाताला काय चव आहे, आणि ही लाजली! आत्ता समोर असती तर मी तिला झाऱ्याने मारलं असतं.

तर हॉलात. पहिल्या शनिवारी मी रिकाम्या हाताने गेले नव्हते, तीस समोसे नेले होते. खोड जात नाही. त्याचं फळ दोन महिन्यांनी मिळालं. ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवारी, दर वर्षी हॉलात मोठं प्रदर्शन असतं. त्याची टेबलं वाटायला जूनमध्येच ड्रायव्हरसाहेब कागद-पेन्सिल घेऊन बसले. आजवर सात माणसं, सात टेबलं. आठवं मी मागणार म्हणून हात वर केला, तर ते म्हणाले, "आजी, तुम्ही चहाचं टेबल घ्याल का? तुमचे ते समोसे... लोक दारापर्यंत रांग लावतील."

सगळ्यांनी मनापासून माना हलवल्या. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. तेच तर अवघड जातं. समोरचा दुष्ट असला तर भांडता तरी येतं. माझ्या जिभेवर "हो, त्यात काय" तयारच होतं, इतक्या वर्षांचं वळण.

"नाही," मी म्हटलं.

इथली माणसं नाही म्हणण्याआधी थोडं हवापाण्याचं बोलून घेतात. माझं नाही नुसतंच पडलं, फरशीवर वरवंटा पडावा तसं. टपालवालीच्या हातातली गाडी थांबली.

"मला टेबल पाहिजे," मी म्हटलं. "रुळांचं."

"ग्रँड," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि कागदावर आठवा चौकोन काढला. ग्रँड या शब्दाचे इथे सतरा अर्थ आहेत. हा "बरं, बघू" मधला होता.

पण माणूस दिलदार. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला. आत करड्या विटा. त्यांच्या लहानपणच्या. चाळीस-पन्नास वर्षं गावाकडे गोठ्याच्या माळ्यावर पडलेल्या. "हा करडा रंग आता मिळत नाही," ते म्हणाले. "नवा करडा निळसर असतो. याचा रेल्वेचा दगडी पूल चांगला होईल. तुमच्या टेबलावर करा." एवढं बोलणं म्हणजे त्यांचं आठवडाभराचं बोलणं.

घरी येऊन डबा उघडला. विटांवर बोट फिरवलं तर काळं. तळाशी उंदराच्या लेंड्या, एक वाळून कडक झालेला कोळी. आता आमच्याकडे काय पद्धत? बाहेरून आलेली, कुणी कुणी हाताळलेली वस्तू घरात घ्यायची तर आधी कढत पाण्यातून काढायची. लेकीच्या दुधाच्या बाटल्या मी उकळल्या, नातीच्या उकळल्या, दोघी धडधाकट आहेत. मोठं पातेलं ठेवलं, चिमूटभर सोडा, दोन रिठे. दहा मिनिटं चांगल्या खळखळून उकळू दिल्या. मग हॉट प्रेसमध्ये, म्हणजे बॉयलरच्या त्या उबदार कपाटात जिथे इथे सगळे कपडे सुकवतात तिथे, टॉवेलवर पसरून ठेवल्या. काय दिसत होत्या! तांदूळ निवडून ठेवल्यासारख्या.

संध्याकाळी दोन विटा एकमेकींवर दाबल्या. बसेनात. दुसरी जोडी घेतली. बसली, बोट काढल्यावर निघाली. एक टेबलावर ठेवली तर एक पाय तोकडा असलेल्या खुर्चीसारखी डुलायला लागली. मग डोळ्याजवळ धरून बघितलं. निखाऱ्यावरच्या पापडासारखी कड वळली होती. एकीची नाही, सगळ्यांची.

"आई! प्लॅस्टिक उकळलंस तू?" लेक ओरडली.

"दहाच मिनिटं."

"मी लॅबमध्ये काम करते आई, आणि मीसुद्धा डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काही उकळत नाही!"

जावयांनी हळूच लॅपटॉप पुढे ओढला. "आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. जुन्या विटा विकणारे लोक असतात ऑनलाइन. अगदी हाच करडा शोधू. तुम्ही डबा भरून द्या, त्यांना कळणारसुद्धा नाही."

जावई भला माणूस आहे. वडे करणाऱ्या त्या मुलीने तर हे ऐकून दोन्ही हातांनी ऑर्डर दिली असती आणि पुढे प्रत्येक शनिवारी आजारी पडली असती. पण मी त्या विटा एकेक करून धुतल्या होत्या. एका विटेच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या, बारक्या, दुधाच्या दातांच्या. ती कुठून मागवणार?

शनिवारी डबा तसाच हॉलात नेला, ड्रायव्हरसाहेबांसमोर उघडला. त्यांनी एक वीट उचलली, टेबलावर ठेवली, वर बोट टेकवलं. वीट टकटक करत डुलली.

"काय झालं?"

"मी उकळल्या."

"उकळल्या."

"धुवायला. चूक माझी. मला माफ करा."

टपालवालीने तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हरसाहेबांनी वीट परत ठेवली, डब्याचं झाकण लावलं, कडेने चारी बाजूंनी दाबलं. "ग्रँड," ते म्हणाले. तेव्हा मला कळलं की या शब्दाचा अठरावाही अर्थ आहे. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "यंदा सातच टेबलं ठेवू या आपण. पूल नाही म्हटल्यावर तुमच्या टेबलावर काही उरत नाही. तुम्ही चहाचं बघा."

इथे रडायला हवं होतं बहुतेक. निदान गप्प तरी बसायला हवं होतं. पण माफी मी मागितली होती आणि मनापासून मागितली होती. माफी वेगळी, टेबल वेगळं.

"विटांचं काय भरून द्यायचं ते सांगा," मी म्हटलं. "टेबल मी सोडणार नाही."

"बांधणार कशाने?"

"याच विटांनी."

"त्या एकमेकींना धरत नाहीत, आजी."

मी उठले, भिंतीवरच्या कागदापाशी गेले, चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं. गोंद नाही. रंग नाही. कापायचं नाही. "उकळायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

टपालवालीला आता हात पुरेना. "पकडलं की रे तिने तुला!" ती ड्रायव्हरसाहेबांना म्हणाली, आणि खुर्चीवर हसत बसली.

ते हसले नाहीत. खिशातून पेन काढलं, कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली: वीट उकळायची नाही. "आजपासून," ते म्हणाले.

"आजपासून," मी म्हटलं. "म्हणजे कालपर्यंतचं माफ."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, गाडी दहा फेऱ्या मारेल," ते म्हणाले. "तुमच्या टेबलावर एकदा जरी घसरली, तरी ते टेबल बाहेर. शनिवारी लोकांसमोर गाडी थांबलेली मला चालणार नाही."

"ग्रँड," मी म्हटलं. पहिल्यांदाच वापरला तो शब्द. बरा बसला तोंडात.

पूल होणार नव्हता, हे त्यांचं खरंच होतं. पुलाला वीट विटेला धरावी लागते. मग जे एकमेकांना धरत नाही त्याचं काय होतं? हा प्रश्न घेऊन मी दोन दिवस हॉट प्रेसपाशी घुटमळत होते. आणि उत्तर फारच सोपं निघालं. गडगा होतो. आमच्या कोकणात बागेला, शेताला जे कुंपण असतं ते. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. पडलेला गडगा वडील पुन्हा रचायचे तेव्हा दगड पुरवायला मी असायचेच (अर्थात!). ते सांगायचे, उचललेला दगड खाली टाकायचा नाही, त्याची जागा सापडेपर्यंत हातात धरायचा. आणि असे गडगे याही देशात आहेत. पश्चिमेकडे सहलीला गेलो तेव्हा बसच्या खिडकीतून मैलोन्‌मैल बघितले होते. करडे, बुटके, शेत संपलं तरी न संपणारे.

तर माझं टेबल म्हणजे गावाची वेस. दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, एक अरुंद रस्ता, फाटकापाशी उभा ट्रॅक्टर, आणि मधून जाणाऱ्या रुळांना दोन्हीकडून गडगा. विटांचे दोन ढीग केले. काहींचा वरचा भाग वळलेला होता पण बूड शाबूत, त्या खालच्या खुंटीदार पाटीवर पक्क्या बसत. काही कुठेच बसत नव्हत्या. पक्क्यांच्या दोन रांगा बाहेरून लावायच्या आणि मधल्या पोकळीत न बसणाऱ्या रचायच्या. प्रत्येकीचा बाक वेगळा. या बाकात कुठला बाक बसेल ते बघत हातात वीट धरून बसायचं. उन्हाळा त्यातच गेला, इथे त्याला उन्हाळा म्हणतात म्हणून म्हणायचं. जेवणाचं टेबल पुन्हा गेलं. लेकीने पहिले पंधरा दिवस कपाळाला आठ्या घातल्या. एकदा बघितलं तर जावई मीटिंगमध्ये स्वतःचा आवाज बंद करून उभे, कानात यंत्र, आणि हातात एक वीट धरून पोकळीत डोकावताहेत.

"खाली ठेवायची नाही हं," मी म्हटलं.

"हो आई," ते कुजबुजले.

शुक्रवारी दुपारी आठ टेबलं जोडली. माझी कड दोन्ही शेजाऱ्यांशी मिळाली, रूळ असे जुळले की फट शोधायला नख लागावं. तेवढ्यापुरती मी फुशारले. टपालवालीने आपली हिरवी-पिवळी गाडी रुळांवर ठेवली, कळ दाबली. एक फेरी, दोन, पाच. सहाव्या फेरीला गाडी गडग्यांमधून जात होती आणि आतली एक वीट टुणकन उडाली. उडालीच. रुळांवर पडली, इंजिनाने ती पुढे ढकलली, आणि शेवटचा डबा आडवा झाला.

ड्रायव्हरसाहेबांनी डबा उचलला, चाकं पुसली. "ठरलं होतं, आजी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, बसचं शेवटचं स्थानक सांगावं तसा होता.

"किती वाजले?" मी विचारलं.

"साडेचार."

"हॉल कधी बंद होतो?"

"आठला."

"मग अजून शुक्रवार आहे. तुम्ही शुक्रवारी दहा फेऱ्या म्हणालात. पहिल्या दहा म्हणाला नाहीत."

"वकील होतीस का गं तिकडे?" टपालवाली म्हणाली.

ड्रायव्हरसाहेब टेबलापाशी आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि डोळे गडग्याच्या पातळीला आणून बघत राहिले. एवढ्या जवळून त्यांनी त्या विटा डब्याचं झाकण लावल्यापासून पाहिल्या नव्हत्या. "फार ठासून भरलंय," शेवटी ते म्हणाले. "फार नीटनेटकं. आमच्याकडच्या भिंतीतून आरपार दिसतं. वाऱ्याला वाट ठेवतात. वाट नाही दिली की तो भिंतच ढकलतो."

आता बघा. नीटनेटकेपणावर माझी सात वर्षांची नोकरी उभी होती. पोकळी दिसली की भरायची, रेघ तुटली की जोडायची. वाकड्या विटा मी इतक्या दाबून बसवल्या होत्या की प्रत्येक वीट दबलेल्या स्प्रिंगसारखी वाटच बघत होती. तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. फार कमी वेळा गिळते. चिमट्याने जिथे जिथे ताण होता तिथली वीट काढत गेले. थोड्या वेळाने बघितलं तर रुळांच्या पलीकडच्या गडग्यावर ड्रायव्हरसाहेब वाकलेले, तेही काढताहेत. मध्येच त्यांचा हात थांबला. बोटांत दातांच्या खुणांची वीट होती. ती त्यांनी काढली नाही. उलट जरा पुढे ओढून, रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवली.

"कुणाचे दात?" मी विचारलं.

"भावाचे," ते म्हणाले. "मारलं होतं मी त्याला."

पावणेसातला गाडी पुन्हा सुटली. मी मोठ्यांदा मराठीत मोजत होते. गाडी जवळून गेली की दोन्ही गडगे किणकिणायचे, सगळ्या विटा आपापल्या जागी जराशा हलायच्या आणि परत टेकायच्या. आठ. नऊ. दहाव्या फेरीला टपालवालीही माझ्याबरोबर "दहा" म्हणाली, अर्थ न कळता. ड्रायव्हरसाहेबांनी कळ बंद केली नाही. गाडी अकरावी फेरी गेली, बारावी गेली, कोट चढवून दिवे मालवेपर्यंत फिरत राहिली.

शनिवारी हॉल फुलला. डंडॉकहून लेकीच्या मैत्रिणीचं कुटुंब आलं होतं. ती लांबूनच ओरडली, "काकू! तुमचा स्टॉल कुठाय? वडापाव ठेवलाय की भजी?"

"हा बघ," मी म्हटलं, आणि टेबलाकडे बोट केलं.

"अय्या, हे तुम्ही केलंत? टाइमपास म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "काम म्हणून."

ती जरा गोंधळली, मग वाकून बघायला लागली, आणि बघतच राहिली. चहाचं टेबल कुणाच्या तरी मेव्हण्याकडे होतं. चहा पाणचट होता, बिस्किटं पाकिटातली, रांग वगैरे काही नव्हती. मला त्याचं काडीइतकं वाटलं नाही. दिवसभर मी माझ्या टेबलामागे उभी होते, आणि लहान मुलांनी गडग्याच्या फटीतून पलीकडे डोळा लावला की मी माझा डोळा लावत होते. दोघं किंचाळली.

प्रदर्शन संपल्यावर आवराआवर करता करता ड्रायव्हरसाहेबांनी पुढच्या वर्षाचा कागद काढला. आठ चौकोन आधीच आखलेले होते. "आजी," ते म्हणाले, "तुमचं हे कोपऱ्याचं. शेतं, गडगे. तुमच्यासारखं कुणाला जमणार नाही."

शाबासकी होती. मऊ मातीची आठवण झाली मला.

"नाही," मी म्हटलं. "मला स्टेशन पाहिजे."

स्टेशन पहिल्यापासून त्यांचं. त्याचं छप्पर, त्याचा प्लॅटफॉर्म, त्याच्यासमोर उभ्या त्यांच्या सगळ्या बसेस. ते कुणी मागायचं नसतं हे मलाही माहीत होतं. टपालवाली हातातल्या डब्यासकट जागच्या जागी उभी राहिली. अशा शांततेत मी आजवर नेहमी पहिली बोलत आले आहे: राहू दे हो, आपलं सहज म्हटलं. या वेळी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. गुडघे दुखत होते, तरी टेकले नाही.

ड्रायव्हरसाहेबांनी पेन्सिल फिरवली, कागद बघितला, मला बघितलं. मग स्टेशनच्या चौकोनात मधोमध एक रेघ मारली.

"अर्धं," ते म्हणाले.

"कुठलं अर्धं?" मी विचारलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.